फिरत्या नावांचं चक्र : फिल्मेशनच्या पडद्यावरच्या सहीचं प्रकरण

१९७० च्या दशकात अमेरिकेत शनिवारी सकाळी कार्टून मालिका लागायच्या. त्यांतली फिल्मेशन या अ‍ॅनिमेशन स्टुडिओची मालिका ओळखायला वेगळा लोगो लागत नसे. पडद्यावर दोन नावं एका वर्तुळाच्या कडेने वळवून लिहिलेली दिसायची आणि ते वर्तुळ फिरायचं. लू शायमर आणि नॉर्म प्रेस्कॉट ही ती नावं. मध्यभागी त्यांचं निर्मातेपद, स्थिर. वर्तुळाला सुरुवात नसते, त्यामुळे पहिलं नाव कोणाचं हा प्रश्नच उरत नाही. चक्र होतं ते त्यासाठीच.

हे प्रकरण त्या चक्राचं आहे. ते का लागलं, कॅमेऱ्याखाली असं चक्र कसं बसतं, प्रेस्कॉट गेल्यावर त्याच्या जागी काय आलं आणि स्टुडिओ बंद पडून संग्रह एका हातातून दुसऱ्या हातात गेला तेव्हा त्याचं काय झालं, हे क्रमाने पाहू. जुन्या मालिकांच्या प्रती तपासणाऱ्यांसाठी शेवटचा भाग सर्वांत कामाचा आहे, म्हणून तिथे जास्त वेळ थांबलो आहोत. श्रेयाचा वाद मिटवायला केलेली ही युक्ती आज त्या फिल्मवर पुढे काय काय गुदरलं याचा भरवशाचा साक्षीदार ठरते.

दोन भागीदार आणि एक पहिली जागा

लू शायमर, हॅल सदरलँड आणि नॉर्म प्रेस्कॉट यांनी १९६२ मध्ये फिल्मेशन असोसिएट्स उभी केली. शायमर पिट्सबर्गचे, चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. प्रेस्कॉट बॉस्टनमध्ये रेडिओवर डिस्क जॉकी होते. धंदा, संगीत आणि माणसं जोडणं ही त्यांची बाजू. सदरलँड दिग्दर्शक, आणि 'दिग्दर्शन' ही त्यांची वेगळी पाटी ठरलेली होती. त्यामुळे अडचण उरली ती उरलेल्या दोघांची. निर्माता हे एकच पद, माणसं दोन, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्या ओळीत बसायला तयार नाही.

कंपनीचं नाव फिल्म आणि अ‍ॅनिमेशन या दोन शब्दांचा जोड आहे. पहिलं मोठं काम मिळालं ते सुपरमॅनचं. ती मालिका १० सप्टेंबर १९६६ ला सीबीएसवर सुरू झाली. १९६८ मध्ये आर्ची, १९७२ मध्ये फॅट अल्बर्ट, १९७३ मध्ये स्टार ट्रेकची अ‍ॅनिमेटेड आवृत्ती. सुरुवातीच्या मालिकांमध्ये स्टुडिओची ओळख म्हणजे श्रेयनामावलीतली साध्या अक्षरांची ओळ होती. फिरतं चक्र १९६० च्या दशकाच्या अगदी शेवटी आलं आणि पुढची दहा-बारा वर्षं राहिलं.

दोन समान नावं मांडायचे नेहमीचे मार्ग त्या काळीही होते. एकाखाली एक लिहिली तर वरचा मोठा वाटतो. शेजारी शेजारी लिहिली तर डावीकडचा आधी वाचला जातो. सिनेमावाल्यांनी तिसरा मार्ग काढला होता: एक नाव डावीकडे पण खाली, दुसरं उजवीकडे पण वर. त्यानेही दोघे पूर्ण समाधानी होत नाहीत, कारण एकाला 'आधी' मिळतं आणि दुसऱ्याला 'वर'. एका आठवड्याला एकाचं, दुसऱ्या आठवड्याला दुसऱ्याचं नाव वर ठेवायचं म्हटलं तर प्रत्येक शीर्षकाच्या दोन निगेटिव्ह सांभाळा, आणि पुनर्प्रसारणात क्रम बिघडला की पुन्हा तक्रार.

चक्रात यातलं काहीच करावं लागत नाही. नावांची लांबीही या कामाला अनुकूल निघाली. रोमन लिपीत लू शायमर या नावात ११ अक्षरं आहेत आणि नॉर्म प्रेस्कॉटमध्ये १२. दोन्ही आडनावं बरोबर ८ अक्षरांची. एक नाव ६ अक्षरांचं आणि दुसरं १५ चं असतं, तर वर्तुळाचा मोठा कंस एकाकडे गेला असता आणि वाद जागच्या जागी राहिला असता.

याच काळातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९६९ मध्ये टेलिप्रॉम्प्टर कॉर्पोरेशनने फिल्मेशन विकत घेतली. म्हणजे संस्थापकांकडून मालकी गेली त्याच सुमारास पडद्यावर त्यांची नावं जास्त ठसठशीत झाली. प्रेक्षकाला टेलिप्रॉम्प्टर हे नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. शायमर आणि प्रेस्कॉट मात्र पोरांना पाठ होते. कागदावरचा मालक आणि पडद्यावरचा मालक वेगळे असू शकतात, हे ध्यानात ठेवूनच या स्टुडिओचे लोगो वाचावे लागतात.

याच श्रेयनामावल्यांमध्ये उलट प्रकारही आहे. संगीताच्या पाटीवर दिसणारी ईव्हेट ब्ले आणि जेफ मायकल ही जोडी म्हणजे प्रत्यक्षात संगीतकार रे एलिस आणि खुद्द प्रेस्कॉट. एलिस यांनी पत्नीचं नाव वापरलं, प्रेस्कॉट यांनी आपल्या दोन मुलांची. शायमर यांनी मालिकांमध्ये आवाज दिले तेव्हा एरिक गंडेन हे नाव लावलं. चक्रात स्वतःचं नाव इंचभरही मागे जाऊ न देणारी माणसं दुसऱ्या पाटीवर स्वतःला पूर्ण लपवत होती. म्हणून श्रेयनामावलीतलं नाव हे हक्काची नोंद म्हणून वाचावं. काम कोणी केलं याची नोंद म्हणून वाचायचं तर दुसरा पुरावा जोडावा लागतो.

चक्र कॅमेऱ्याखाली कसं बसतं

फिल्मेशनचा सगळा कारभार काटकसरीचा होता. काम परदेशी न पाठवता लॉस एंजेलिसच्या परिसरातच करायचं, आणि ते परवडावं म्हणून तीच धाव, तीच उडी, तोच चेहरा संग्रहातून काढून पुन्हा पुन्हा वापरायचा. अशा स्टुडिओला चक्र का मानवलं असेल, हे खर्चाकडे पाहिलं की कळतं. चक्राला एकही नवं रेखाचित्र लागत नाही. लागतो तो फक्त कॅमेऱ्याचा वेळ.

त्या काळच्या रोस्ट्रम कॅमेऱ्यावर (खाली ठेवलेली चित्रं वरून एकेक फ्रेम टिपणारा कॅमेरा) असं चक्र चित्रित करण्याची सरळ पद्धत पुढे दिली आहे. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आज कोणाला तसंच चक्र नव्याने करायचं असेल तर तेही याच हिशोबाने जाऊ शकतात.

बारा फील्डची चौकट (फील्ड हे अ‍ॅनिमेशन कॅमेऱ्याच्या चौकटीचं, रुंदीच्या इंचांवरून ठरणारं माप) धरली तर रुंदी १२ इंच आणि उंची सुमारे पावणेनऊ इंच. घरगुती टीव्हीच्या कडा चित्राचा बराच भाग खात असत, म्हणून अक्षरं मधल्या ८० टक्क्यांतच ठेवायची. उंचीचे ८० टक्के म्हणजे ७ इंच. वर्तुळाचा बाहेरचा व्यास याहून मोठा ठेवता येत नाही, मग रुंदीत कितीही जागा रिकामी असो. अक्षरांची मधली रेषा ६ इंच व्यासावर धरली तर परीघ १८.८५ इंच. दोन नावांमध्ये दोन मोकळ्या जागा, प्रत्येकी दीड इंचाच्या. उरले १५.८५ इंच. नावांच्या आतली एकेक मोकळी जागा धरून एकूण २५ घरं; म्हणजे एका अक्षराला साधारण ०.६३ इंच. टीव्हीवर हे आरामात वाचता येतं.

आता वेग. एक फेरी ४ सेकंदांत करायची तर २४ फ्रेमच्या हिशोबाने ९६ फ्रेम, दर फ्रेमला ३.७५ अंश. फिल्मेशनसारख्या स्टुडिओत पात्रांची हालचाल दर दोन फ्रेमला एक चित्र या हिशोबाने चाले. चक्राला तो हिशोब लावला तर बिघडतं. दोन फ्रेमला ७.५ अंश म्हणजे अक्षर एका उडीत ०.३९ इंच सरकतं, अक्षराच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त. रोस्ट्रमवर प्रत्येक फ्रेम स्थिर वस्तूचीच घेतली जाते, त्यामुळे खऱ्या कॅमेऱ्यात हलत्या वस्तूला जो धूसरपणा येतो तो इथे येत नाही. अक्षर सरकल्यासारखं न दिसता टकटक उड्या मारतं आणि डोळ्याला दोन दोन अक्षरं दिसू लागतात. दर फ्रेमला ३.७५ अंश ठेवले की उडी ०.२ इंचाखाली येते आणि चक्र वाहतं दिसतं. म्हणून मालिकेतलं बाकी सगळं दर दोन फ्रेमला बदललं तरी चक्र दर फ्रेमला फिरवावं लागतं.

दिशेचाही प्रश्न आहे. वर्तुळावर बाहेरच्या बाजूने लिहिलेली रोमन अक्षरं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचली जातात. चक्र काट्यांच्या उलट दिशेने फिरवलं तर माथ्यावर अक्षरं वाचनाच्या क्रमाने येतात: पहिल्यांदा पहिलं, मग दुसरं. काट्यांच्या दिशेने फिरवलं तर नाव शेवटच्या अक्षरापासून माथ्यावर येतं आणि वाचायला बसलेलं पोर गोंधळतं.

चक्राच्या मागे मालिकेतलं हलतं दृश्य हवं असेल तर फिल्म दोनदा उघडावी लागते. पहिल्या फेरीत फक्त दृश्य, ९६ फ्रेम. मग शटर बंद ठेवून फिल्म बरोबर ९६ फ्रेम मागे न्यायची. दुसऱ्या फेरीत खालून प्रकाश सोडायचा, त्यावर लिथ फिल्मची (करडी छटा न दाखवता फक्त काळं आणि पारदर्शक उमटवणारी फिल्म) चकती: सगळी काळी, फक्त अक्षरं पारदर्शक. दर फ्रेमला चकती ३.७५ अंश फिरवायची. अशी भाजलेली अक्षरं दृश्य कसंही असलं तरी शुभ्र उमटतात. मधला स्थिर मजकूर वेगळ्या चकतीवर असतो; ती न फिरणाऱ्या काचेवर बसवून याच फेरीत किंवा तिसऱ्या फेरीत घेता येते.

बिघाड बहुधा चार ठिकाणी होतात.

चकतीचं केंद्र भिंगाच्या अक्षाखाली नसणं हा सर्वांत जास्त दिसणारा. केंद्र अर्ध्या सुताने जरी सरकलं तरी चक्र फेरीभरात एक सूत डोलतं. १२ इंचांच्या चौकटीत हे जेमतेम एक टक्का आहे, पण २० इंची टीव्हीवर तो डोल सव्वा सुताच्या वर जातो, आणि मध्यभागी स्थिर शब्द असल्यामुळे लगेच डोळ्यात भरतो. यावर उपाय एकच: चकती चिकटवण्याआधी केंद्रावर टाचणीचं भोक पाडून ते भिंगातून जुळवायचं आणि चारही चतुर्थांशांत एकेक चाचणी फ्रेम घ्यायची.

दुसरा बिघाड लिथ फिल्मच्या काळ्या भागातल्या बारीक छिद्रांचा. स्थिर पाटीवर असं छिद्र एखाद्या ठिपक्यासारखं खपून जातं. चकतीवर तेच छिद्र नावांभोवती प्रदक्षिणा घालणारा तारा बनतं. अपारदर्शक रंगाचा ठिपका लावून ते आधीच बुजवावं लागतं. तिसरा, खालचा प्रकाश जास्त झाला की अक्षरं फुगतात आणि अरुंद मोकळ्या जागा बुजतात. आडनावांत जवळजवळ बसलेल्या आडव्या रेघा आणि वळणं आधी भरून येतात. चौथा बिघाड मोजणीचा: फिल्म ९६ ऐवजी ९५ फ्रेम मागे गेली तर चक्र दृश्याच्या कापावर न संपता एक फ्रेम पुढे किंवा मागे लटकतं. एका फ्रेमची ती चमक डोळ्याला कळते, पण कारण कळत नाही.

हे सगळं एकदा नीट जमलं की चकती पेटीत ठेवायची. पुढच्या मालिकेला फक्त मागचं दृश्य बदलतं. सहसा बाहेर पाहुण्यांना दाखवली न जाणारी ही चकती म्हणजे खरं तर त्या स्टुडिओची मोहोर.

चक्र थांबलं, सही आली

१९८१ मध्ये वेस्टिंगहाउसने टेलिप्रॉम्प्टर घेतली आणि तिच्याबरोबर फिल्मेशन ग्रुप डब्ल्यूच्या, म्हणजे वेस्टिंगहाउसच्या प्रसारण शाखेच्या, छत्राखाली आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच प्रेस्कॉट बाहेर पडले. चक्राला दोन नावं लागतात. एकाच नावाचं चक्र फिरवण्यात अर्थ नव्हता. त्या जागी शायमर यांचं नाव त्यांच्या हस्ताक्षरातल्या सहीच्या रूपात येऊ लागलं. सही हा चक्राच्या बरोबर उलट निर्णय आहे. चक्रात कोणीही पहिला नव्हता, सहीत दुसरा कोणी नाही.

त्याच वेळी धंद्याचं रूपही बदललं. ही-मॅन १९८३ मध्ये आठवड्याला एक भाग या चालीवर न येता सोमवार ते शुक्रवार रोज येऊ लागला. १३ आठवडे, आठवड्याला ५, असे एका हंगामाला ६५ भाग. दोन हंगामांचे १३०. शी-राचे ९३, घोस्टबस्टर्स आणि ब्रेव्हस्टार प्रत्येकी ६५. मालिका एका राष्ट्रीय वाहिनीला न विकता शहरोशहरीच्या केंद्रांना विकली जात होती, म्हणून भागाच्या शेपटाला पाट्यांची रांग लागली: श्रेयनामावली, फिल्मेशनचं नाव, आणि वितरक ग्रुप डब्ल्यू प्रॉडक्शन्स. १९७० च्या दशकातलं शेपूट माणसांची नावं सांगतं, १९८० च्या दशकातलं कंपन्यांची. फक्त शेपूट समोर असेल तरी चक्र आहे की सही, आणि ग्रुप डब्ल्यू आहे की नाही, या दोन खुणांवर भाग कोणत्या काळातला आहे हे सांगता येतं.

३ फेब्रुवारी १९८९ ला स्टुडिओ बंद झाला. लोरेआल या फ्रेंच सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या पुढाकाराने आलेल्या गुंतवणूकदारांच्या गटाने तो विकत घेतला होता; त्यांना हवा होता तो संग्रह. कामगारांना साठ दिवसांची आगाऊ नोटीस सक्तीची करणारा अमेरिकन कायदा दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला, लागू होणार होता. शेकडो चित्रकारांच्या दृष्टीने ही तारीख कशी होती, याची कल्पना करता येते.

आणखी एक तारीख प्रती तपासणाऱ्यांच्या उपयोगाची. १ मार्च १९८९ पर्यंत अमेरिकेत प्रकाशित प्रतीवर स्वामित्वहक्काची ओळ छापणं कायद्याने आवश्यक होतं. फिल्मेशन त्याच्या २६ दिवस आधी संपली. म्हणजे तिच्या सगळ्या टीव्ही मालिका सक्तीच्या काळातल्या आहेत. शेवटच्या पाटीवरची बारीक रोमन आकड्यांतली वर्षाची ओळ शोभेची नव्हती; १९७८ पूर्वीच्या कामात ती राहून गेली तर हक्कच धोक्यात येत असे. त्यामुळे एखाद्या प्रतीच्या शेवटी अशी ओळच नसेल तर पहिला संशय घ्यायचा तो हाच, की शेपूट नंतर कोणीतरी कापलं आहे.

संग्रह पुढे हॉलमार्क एंटरटेनमेंटकडे १९९५ मध्ये, एंटरटेनमेंट राइट्सकडे २००४ मध्ये, मग क्लासिक मीडियाकडे, २०१२ मध्ये ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशनकडे आणि २०१६ मध्ये एनबीसीयुनिव्हर्सलकडे गेला. नव्या मालकाने आपली पाटी लावताना जुन्या पाटीवर ती बसवणं हे टीव्हीच्या धंद्यात सर्रास चालतं. ही जागा ओळखायला कान जास्त उपयोगी पडतात. चित्र बदललेलं असतं, पण जुन्या पाटीखालची धून अर्धवट ऐकू येते, किंवा शेवटचा स्वर विरण्याआधीच तुटतो.

चक्र काय सांगतं

हॉलमार्कच्या काळात या संग्रहाच्या डिजिटल पाल प्रती (पाल ही युरोपातली टीव्ही पद्धत) करण्यात आल्या आणि बऱ्याच मालिकांच्या मूळ फिल्म टाकून देण्यात आल्या. पुढे २००० च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या अनेक डीव्हीडी या पाल प्रतींवरून उलट एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत, आणलेल्या आहेत. ज्या मालिका दुसऱ्या मालकांच्या होत्या त्या यातून वाचल्या. स्टार ट्रेक पॅरामाउंटच्या घरात राहिली आणि २०१६ मध्ये तिची ब्लू-रे निघू शकली. एकाच स्टुडिओत, एकाच पद्धतीने झालेलं काम. कपाट कोणाचं यावर त्याचं भवितव्य ठरलं.

पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात. २४ ची फिल्म सरळ २५ ने चालवली की सगळं ४.१७ टक्के जलद होतं. २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांत संपतो. आवाज साधारण ०.७ सेमीटोन (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर) चढतो. ४४० हर्ट्झचा स्वर ४५८ वर जातो. पात्रांचे आवाज किंचित चिरके वाटतात. पण आवाजावर एकट्यावर निकाल देऊ नये, कारण प्रत बनवताना कोणी सूर पुन्हा खाली आणलेला असू शकतो. लांबीवरही एकट्या देऊ नये, कारण भाग कापलेला असू शकतो. चक्र मात्र दोन्ही गोष्टींच्या पलीकडे जाऊन सांगतं. पात्रं थांबतात, तोच चेहरा दहा फ्रेम तसाच राहतो. संपूर्ण भागात दर फ्रेमला ठरलेल्या अंतराने हलणारी खात्रीची वस्तू हीच एक.

तपासणी अशी करायची. प्रत फ्रेम-फ्रेम पुढे नेता येईल अशा प्रोग्रॅममध्ये उघडा आणि प्रोग्रॅमची 'डी-इंटरलेस' सोय (व्हिडिओ फ्रेमचे दोन अर्धे भाग जुळवून दातेरी कडा घालवणारी) आधी बंद करा. ती चालू राहिली तर पुरावाच पुसला जातो. चक्राच्या मधोमध कोनमापक ठेवा. लूच्या पहिल्या अक्षराची उभी रेघ धरा, ती सरळ असते आणि कोन चटकन लागतो. सलग २५ फ्रेमचे कोन लिहून काढा.

फिल्मवरून थेट एनटीएससीत आलेल्या प्रतीत दर पाच फ्रेमपैकी तीन स्वच्छ दिसतील आणि दोनमध्ये अक्षराच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी असतील. चार फिल्म फ्रेम दहा फील्डमध्ये (इथे फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी व्हिडिओ फ्रेम) वाटल्या जातात त्याचा हा ठसा. हा तीन-दोनचा ताल अखंड सापडला तर प्रत चांगली आहे.

फिल्मवरून थेट पालमध्ये आलेल्या प्रतीत सगळ्या फ्रेम स्वच्छ असतात, कोन दर फ्रेमला सारखा वाढतो, आणि भाग चार टक्क्यांनी आखूड असतो. याच प्रतीचा एक चुलत प्रकार असा की लांबी मूळ राहावी म्हणून दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा घेतलेली असते. तिथे २५ कोनांपैकी एक शेजाऱ्याइतकाच निघतो आणि चक्र सेकंदातून एकदा उचकी दिल्यासारखं अडखळतं. पात्रांच्या दृश्यात ही उचकी दिसणारही नाही.

पालवरून एनटीएससीत उलटी आणलेली प्रत सर्वांत दुःखद. २५ फ्रेमच्या सुमारे ३० करताना शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळलेल्या असतात. प्रत्येक अक्षरामागे त्याची फिकट सावली दिसते, कधी पुढे कधी मागे, आणि तीन-दोनचा ताल कुठेच लागत नाही. भाग आखूड असतोच. आणि भाग पूर्ण लांबीचा, पण पाल प्रतीत सावल्या दिसत असतील, तर ती पाल प्रत फिल्मवरून न होता जुन्या एनटीएससी टेपवरून केलेली आहे.

सही असलेल्या १९८० च्या दशकातल्या मालिकांना ही सोय नाही. तिथे शीर्षकातलं एखादं सलग सरकणारं कॅमेऱ्याचं दृश्य शोधावं लागतं, आणि कोनाऐवजी कडेपासूनचं अंतर मोजावं लागतं. काम होतं, पण नोंदीत चूक शिरायला जागा जास्त.

जुनी १६ मिलिमीटरची प्रिंट हाती आली तर तिची किंमत मोठी आहे, रंग गेलेला असला तरी. २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० फ्रेम. १६ मिलिमीटरच्या फुटाला ४० फ्रेम, म्हणजे ७९२ फूट. ३५ मिलिमीटरला फुटाला १६, तिथे १,९८० फूट. फूटमापीवर लांबी जुळली की भाग कापलेला नाही हे कळतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या रंगीत प्रिंटांतला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर आधी उडतो आणि चित्र तांबडं पडतं. इथे नवखे लोक हमखास चुकतात. चक्राची पांढरी अक्षरं पाहून ते 'रंग बरा आहे' असं ठरवतात. पांढरं अक्षर म्हणजे प्रिंटवर जवळजवळ कोरी फिल्म. तिथे उडायला रंगच नसतो. रंग किती गेला हे अक्षरांच्या आजूबाजूच्या काळ्या भागात पाहायचं. काळं जितकं तपकिरी-लाल, तितका थर गेलेला.

दुरुस्तीची मर्यादा आणि क्रम

मिसळलेल्या फ्रेमची प्रत पूर्ण सुटी होत नाही. सावल्या कमी करणारे प्रोग्रॅम आहेत, पण चक्रावर ते अक्षरांचे तुकडे पाडतात, कारण दोन शेजारच्या अक्षरांच्या उभ्या रेघा त्यांना एकाच रेघेच्या सावल्या वाटतात. अशा वेळी चक्र नव्याने रेखून चिकटवण्याचा मोह होतो. तो टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. नवं चक्र सुबक होईल, पण त्या प्रतीवर काय गुदरलं हे सांगणारी एकमेव वस्तू त्याबरोबर जाईल. नवं चक्र करायचंच असेल तर ते वेगळ्या फाइलमध्ये, पाहण्याच्या प्रतीपुरतं ठेवावं.

स्वच्छ पाल प्रत मिळाली तर मात्र काम सोपं आणि पूर्ण होतं. तिच्यात ५७६ ओळी असतात, एनटीएससीच्या ४८० पेक्षा जास्त, आणि एकही फिल्म फ्रेम हरवलेली नसते. फक्त घड्याळ चुकलेलं असतं. फाइलचा वेग २५ वरून २४ वर आणा. नव्या फ्रेम तयार करू नका, आहेत त्याच सावकाश चालवा. आवाजही त्याच प्रमाणात सावकाश करा, म्हणजे सूर आपोआप खाली येतो. सूर टिकवणारी सोय चालू असेल तर बंद करा. सूर आधीच कोणी उतरवलेला असेल तर याने तो प्रमाणाबाहेर खाली जाईल, म्हणून शीर्षकगीतातला एखादा लांब स्वर आधी ट्यूनरवर पाहून ठेवा. चित्र आणि आवाज वेगवेगळे सावकाश केले तर २१ मिनिटांच्या शेवटी ओठ आणि शब्द यांत फरक पडू शकतो, तेव्हा दोन्ही एकत्रच घ्या.

मग पुन्हा चक्रावर या. लूचं पहिलं अक्षर माथ्यावर असलेली फ्रेम शोधा आणि ते पुन्हा माथ्यावर येईपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. हा आकडा त्याच मालिकेच्या १६ मिलिमीटर प्रिंटवर मोजलेल्या आकड्याशी ताडा, आणि चक्राला लागलेला वेळ सेकंदांत काढून त्याखालची धून तेवढ्याच वेळात तेवढ्याच मात्रा घेते का ते पाहा. फ्रेम जुळून मात्रा सरकत असतील, तर दोष आवाजाच्या पट्टीत आहे आणि तिथूनच पुन्हा सुरुवात करावी लागेल.